फळ्यावरची रेघ

मागच्या महिन्यात भाच्याकडे आम्ही सगळे जमलो होतो. जेवणं झाली, अडकित्ता फिरत होता (आमच्याकडे अजून सुपारी कातरतात!) आणि विषय कसा कोण जाणे, चीनवर गेला. भाचा म्हणाला, "मावशी, एक इंचसुद्धा सोडता कामा नये." मी म्हटलं, "कुठला इंच? दाखव बरं नकाशात." त्याने ताबडतोब मोबाईल काढला. त्यावर भारताचा नकाशा होता, डोक्यावरचा मुकुट अखंड, भोवती ठसठशीत रेघ. "हा काय!" म्हणाला. तेवढ्यात त्याचा मुलगा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर होता. त्याला म्हटलं, तूही उघड रे तोच नकाशा. त्याने उघडला आणि जरा थांबून म्हणाला, "आजी, इथे ठिपके दिसतात."

एकच कंपनी, एकच नकाशा. भारतात बसून पाहिला तर सलग रेघ, बाहेर बसून पाहिला तर ठिपके. भाचा म्हणाला, ही परदेशी लोकांची बदमाशी आहे. मला मात्र एकदम माझा नववीचा वर्ग आठवला, आणि थोडं ओशाळल्यासारखं झालं. का ते सांगते.

मी तेहतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. भारताचा नकाशा फळ्यावर न बघता काढणं हे माझं एकमेव प्रदर्शनीय कौशल्य. काश्मीरच्या टोकापासून सुरुवात करायची, खडू न उचलता डावीकडून कच्छ, सौराष्ट्राचं तोंड, कोकण, कन्याकुमारी, वर चढत सुंदरबन, मग ईशान्येचा तो अवघड फुगा आणि परत हिमालयावरून मुकुटाशी. पोरं टाळ्या वाजवायची. अक्साई चीनचा तो उजवीकडचा फुगवटा मी जरा प्रेमानेच काढत असे. त्याच्याबद्दल एक वाक्य सांगायचं: "हा आपला भाग चीनने १९६२ साली बळकावला." वाक्य संपलं की पुढचा धडा.

१९८७ ची गोष्ट. त्या वर्षी फेब्रुवारीत अरुणाचल प्रदेश हे राज्य झालं होतं आणि सुमदोरोंग चू नावाच्या ओढ्याकाठी दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी असल्याच्या बातम्या येत होत्या. एक मुलगा वर्गात जाडजूड इंग्रजी ॲटलास घेऊन आला. त्याच्या काकांनी लंडनहून आणलेला. मधल्या सुट्टीनंतर हात वर करून म्हणाला, "बाई, ह्यात अक्साई चीनला दोन्हीकडून ठिपक्यांची रेघ आहे. असं का?" मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "परदेशातल्या लोकांना आपला देश काय कळणार? मिट ते पुस्तक." वर्ग हसला. त्याने ॲटलास दप्तरात घातला आणि पुन्हा कधी आणला नाही.

त्या काळात असे परदेशी ॲटलास किंवा मासिकं रीतसर दुकानातून आली तर आतल्या नकाशावर शिक्का असायचा की यात दाखवलेल्या भारताच्या सीमा बरोबर नाहीत. काकांच्या पिशवीतून आलेल्या पुस्तकावर शिक्का नव्हता. ते काम मी केलं.

निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला. हळूहळू कळत गेलं की ठिपके काढणाऱ्यांचं अगदीच चुकलेलं नव्हतं.

पश्चिमेकडची गोष्ट अशी. १८६५ साली सर्वेक्षण खात्यातला जॉन्सन नावाचा एक माणूस लडाखमधून खोतानला जाऊन आला आणि त्याने केलेल्या नकाशात अक्साई चीन काश्मीरच्या महाराजांच्या हद्दीत आलं. पुढे १८९९ मध्ये ब्रिटिशांनीच चीनला वेगळी रेषा सुचवली, मॅकार्टनी-मॅकडोनल्ड म्हणतात ती. त्यात अक्साई चीनचा बराचसा भाग पलीकडे जात होता. चीनने उत्तरच दिलं नाही. ना हो, ना नाही. रशियाची भीती वाढली की ब्रिटिशांची रेषा पुढे सरकायची, कमी झाली की मागे यायची. आणि ज्या जमिनीवरून हे चाललं होतं ती साधारण पाच हजार मीटर उंचीवरची, खारट तळ्यांची, वाऱ्याची. तिथे घर बांधून राहणारं कुणी नव्हतंच म्हटलं तरी चालेल.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा काय स्थिती होती? सर्व्हे ऑफ इंडियाच्या १९५० च्या नकाशात पूर्वेला मॅकमहोन रेषा पक्की दाखवली होती, पण पश्चिमेला मात्र सीमा अनिर्णित असल्याचं लिहिलं होतं. हो, आपल्याच नकाशात! १९५४ च्या एप्रिलमध्ये पंचशील करार झाला आणि जुलैमध्ये पंडितजींनी लेखी सूचना दिली की जुने नकाशे काढून घ्या, नवे छापा, त्यात उत्तरेची सीमा पक्की दाखवा आणि ती चर्चेचा विषय नाही असं समजा. मी १९५० च्या आसपासची. म्हणजे जी रेघ अनादी काळापासून आहे असं मी तेहतीस वर्षं सांगितलं, ती माझ्याहून लहान निघाली.

इथे काही वाचक रागावतील, माहीत आहे. माझ्या धाकट्या दिरांचा तर फोनच येईल. म्हणून आधीच सांगते, मी चीनची वकिली करत नाहीये. ऐका पुढचं.

१९५६-५७ मध्ये चीनने त्याच अक्साई चीनमधून शिनजियांग ते तिबेट असा रस्ता काढला आणि आपल्याला पत्ता नव्हता. "हिंदी-चिनी भाई भाई" अगदी जोरात होतं तेव्हा. रस्ता पूर्ण झाल्याचं त्यांनी जाहीर केलं तेव्हा आपल्याला कळलं. १९५६ चे चिनी नकाशे आणि १९६० चे चिनी नकाशे शेजारी ठेवले तर त्यांचा दावा आणखी पश्चिमेला सरकलेला दिसतो. १९६० नंतर त्याही पुढे सैन्य आलं. आणि ते पूर्वेला काय म्हणतात? १९१४ च्या सिमला परिषदेत तिबेटने केलेला करार आम्हाला मान्य नाही, कारण तिबेट स्वतंत्र नव्हतं, त्याला करार करायचा अधिकारच नव्हता. ठीक. मग तवांगवर दावा कशाच्या आधारावर? तर तवांगचा मठ ल्हासाशी जोडलेला होता आणि सहावे दलाई लामा तिथले, या आधारावर. म्हणजे तिबेटची सही चालत नाही, पण तिबेटचा वारसा चालतो. ह्याला आमच्या आईच्या भाषेत दोन्ही हातांनी वाढून घेणं म्हणतात. शिवाय २०१७ पासून ते अरुणाचलातल्या गावांना, डोंगरांना, नद्यांना चिनी नावं ठेवून याद्या जाहीर करत आहेत. वर्गात मागच्या बाकावरची मुलं दुसऱ्याच्या वहीवर आपलं नाव लिहितात, त्यातलाच प्रकार.

मॅकमहोन रेषेबद्दल मात्र एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती भूगोलाच्या शिक्षकाची गंमत आहे. १९१४ चा तो नकाशा एक इंचाला आठ मैल या प्रमाणाचा. गणित करून पाहा. त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर साधारण अर्धा किलोमीटर. म्हणजे जाड निबाच्या लेखणीने रेघ ओढली तर नुसत्या शाईखालीच एखादं गाव, त्याचं कुरण आणि ओढा सगळं जायचं! आणि तेव्हा त्या डोंगरांची नीट मोजणीही झालेली नव्हती. रेषा डोंगराच्या माथ्यावरून, पाणलोटाप्रमाणे जावी असा हेतू होता, पण तवांगच्या पश्चिमेला नकाशावरची रेघ एकीकडे आणि प्रत्यक्ष माथा, थाग ला, त्याच्या उत्तरेला. आपण म्हणालो, हेतू माथ्याचा होता म्हणून माथा खरा. ते म्हणाले, तुमचीच रेघ बघा, ती खाली आहे (आणि तीही आम्हाला मान्य नाही). १९६२ च्या उन्हाळ्यात आपण ढोला नावाचं ठाणं नेमकं या मधल्या पट्ट्यात उभारलं. ८ सप्टेंबरला चिनी सैन्य थाग लावरून खाली उतरलं. २० ऑक्टोबरला नामका चू ओढ्याकाठी आपल्या सातव्या ब्रिगेडवर हल्ला झाला. उन्हाळी कपड्यातले जवान, मोजकी काडतुसं. ब्रिगेडियर दळवी दोन दिवसांनी कैद झाले.

एका पट्ट्यावरून युद्ध झालं असं मी म्हणत नाही. तिबेटातला उठाव, १९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामांचं भारतात येणं, लोंगजू आणि कोंगका ला इथले गोळीबार, आपलं पुढे पुढे ठाणी टाकण्याचं धोरण, त्यांचं घरचं राजकारण, बरंच काही होतं. पण ठिणगी पडली ती जागा अशी होती.

ते युद्ध मला आठवतं. मी शाळेत होते. दिवाळी आठवड्यावर आली होती आणि त्या वर्षी आमच्या गल्लीत कुणी फटाके आणले नाहीत. शाळेत लोकर वाटली. मोठ्या मुलींनी हातमोजे विणायचे, आम्ही लहानांनी मफलर. माझ्या मफलरीचे टाके इतके सुटले होते की ती कुठल्या जवानाच्या गळ्यात पडली असेल तर त्याची क्षमा मागते. संरक्षण निधीसाठी गोळा करायला बायका दारोदार आल्या तेव्हा आईने हातातली एक पाटली काढून दिली. एकच. दुसरी ठेवली. वडील म्हणाले, "जोडी फोडलीस." ती म्हणाली, "अर्धी देशाची, अर्धी पोरीची." नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याची भाषा सगळ्यांच्या तोंडी होती. २१ नोव्हेंबरला त्यांचा शपथविधी आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्ध थांबवलं. आम्हा मुलांची समजूत अशी की चव्हाणसाहेबांना घाबरून थांबवलं!

पराभव का झाला याची चौकशी झाली. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी अहवाल दिला. १९६३ च्या सप्टेंबरात यशवंतरावांनी लोकसभेत त्याचं सार सांगितलं. तो अहवाल आपल्या सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. इतक्या पक्षांची सरकारं आली-गेली, यावर सगळ्यांचं एकमत! २०१४ मध्ये त्याचा काही भाग नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला. आपल्या हरण्याची गोष्ट आपल्याला दुसऱ्याकडून वाचावी लागते, हे मला त्या हरण्याइतकंच लागतं.

माझा मुद्दा इथेच आहे. १९६० च्या एप्रिलमध्ये चाऊ एन लाय दिल्लीला आले होते. त्यांच्या बोलण्याचा रोख बहुतेक अभ्यासकांच्या मते असा होता की पूर्वेला तुम्ही आहात ते आम्ही मान्य करू, पश्चिमेला आम्ही आहोत ते तुम्ही मान्य करा. चांगला सौदा होता की वाईट, याबद्दल दोन मतं असू शकतात. पण नेहरूंना तो विचारात घ्यायलाही जागा उरली नव्हती. संसद खवळलेली, वर्तमानपत्रं खवळलेली. महिनाभर आधीच बेरुबारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मत दिलं होतं की भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल. आणि सहा वर्षांपूर्वी नेहरूंनी स्वतःच सांगून ठेवलेलं की ही रेघ चर्चेचा विषय नाही. स्वतः ओढलेल्या रेघेत ते स्वतः अडकले. तिथे गवताचं पातंही उगवत नाही असं ते संसदेत म्हणाले, आणि महावीर त्यागींनी आपल्या टकलाकडे बोट दाखवून विचारलं, मग हेही देऊन टाकायचं का, असा किस्सा सांगतात. सगळे हसले असतील. आमचा वर्ग हसला होता तसेच.

देता येतच नाही, असंही नाही. २०१५ साली बांगलादेशाशी आपण अदलाबदल केली. तिकडे असलेली आपली १११ बेटं (जमिनीची बेटं, चारी बाजूंनी दुसऱ्याच देशाने वेढलेली) त्यांना दिली, इकडची त्यांची ५१ घेतली. एकरांत मोजलं तर सतरा हजारांहून जास्त दिले आणि सात हजारांच्या आसपास आले. घटनादुरुस्ती झाली, शंभरावी. संसदेत एकही मत विरोधात पडलं नाही. तुमच्यापैकी किती जणांना हे आठवतंय? एक इंच म्हणणाऱ्या माझ्या भाच्याला आठवत नव्हतं. दहा हजार एकरांचा तोटा झाला आणि कुणाची झोप उडाली नाही, कारण त्या जागा फळ्यावरच्या नकाशात कधी दिसल्याच नव्हत्या. त्यांना मुकुट नव्हता.

भाच्याने यावर जे म्हटलं ते खोडून काढता येत नाही, तेही लिहिते. तो म्हणाला, "मावशी, बांगलादेशाने आपली वीस माणसं मारली नव्हती." खरं आहे. आणि सौदाही १९६० चा राहिलेला नाही. १९८५ पासून चीनने भाषा बदलली, पूर्वेलाच सवलत पाहिजे, तवांग पाहिजे म्हणू लागला. तवांगमध्ये माणसं राहतात, मतदान करतात, त्यांची मुलं आपल्या शाळांत शिकतात. २००५ साली दोन्ही देशांनी लिहून दिलं की सीमा ठरवताना तिथे वसलेल्या लोकांच्या हिताला धक्का लावायचा नाही, आणि त्यानंतरही चीनचं तवांग सुटलेलं नाही. मी अक्साई चीन सोडा म्हणते असं कुणी समजू नये, आणि समोरचा माणूस शब्द पाळणारा आहे असाही माझा भ्रम नाही. १९९३ आणि १९९६ च्या करारांनी ठरलेलं की ताबारेषेजवळ बळ वापरायचं नाही, गोळी झाडायची नाही. २०२० च्या १५ जूनला गलवानमध्ये गोळी झाडली गेली नाही हे खरं. खिळे ठोकलेले दांडके होते, दगड होते, आणि खाली बर्फासारखं नदीचं पाणी. आपले वीस गेले. त्यांनी आठ महिन्यांनी चार सांगितले. (ती नदी गुलाम रसूल गलवान नावाच्या लेहच्या माणसाच्या नावाची आहे. साहेब लोकांच्या तांड्यांबरोबर वाट दाखवत हिंडायचा. एका साध्या माणसाचं नाव नदीला, असं फार ठिकाणी नसेल.)

त्या वर्षीच्या दसऱ्याला माझी एक जुनी विद्यार्थिनी सोनं द्यायला आली. तोंडाला मास्क, दारातच उभी. तिचा मुलगा सैन्यात, त्याची तुकडी लडाखला गेलेली. त्या हिवाळ्यात तिथे पन्नास हजारांच्या आसपास जवान होते म्हणतात. तिने डिंकाचे लाडू पाठवायचे कसे याची चौकशी केली, मग थोडं घुटमळून म्हणाली, "बाई, ती जागा नक्की आपलीच आहे ना? तुम्हीच शिकवलंत म्हणून विचारते."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तिचा मुलगा तिथे उभा होता. पण रात्रभर ते डोक्यात राहिलं. गलवानबद्दलचं उत्तर बरोबरच होतं, जिथे झटापट झाली तिथवर आपण वर्षानुवर्षं गस्त घालत होतो. तरी मी तिला हो म्हटलं ते फळ्यावरच्या त्याच खडूने, न बघता.

कारण तिथे जमिनीवर रेघ नाहीच. कुंपण नाही, खांब नाहीत. जिला प्रत्यक्ष ताबारेषा म्हणतात तीसुद्धा दोन आहेत, एक त्यांच्या डोक्यातली, एक आपल्या. लांबीसुद्धा जुळत नाही. आपण ३४८८ किलोमीटर म्हणतो, ते दोन हजारांच्या आसपास. निदान ताबारेषेचे नकाशे तरी एकमेकांना दाखवू म्हणून २००० साली मधल्या पट्ट्याचे दाखवले. २००२ मध्ये पश्चिमेचे काढले तेव्हा दोघांनीही इतके ताणून आणले होते की बैठक तिथेच संपली. मग सैन्यं करतात काय, तर आपापल्या समजुतीच्या टोकापर्यंत चालत जातात आणि परत येतात. वाटेत दुसरा भेटला तर फलक दाखवतात, इथून मागे जा. चालत जायचा हक्क म्हणजेच सीमा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये देपसांग आणि देमचोकबद्दल समझोता झाला तो याच गस्तीचा. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सीमेचा जो भाग लवकर ठरण्याजोगा आहे तो आधी पाहण्यासाठी तज्ज्ञांचा गट नेमायचं ठरलं. भाच्याला मी विचारलं, त्या गटाने उद्या चार ओढे इकडे, तीन तिकडे असा तोडगा आणला तर तू काय म्हणशील? तो म्हणाला, "विकलं म्हणेन." अगदी प्रामाणिक उत्तर होतं. हेच उत्तर कोट्यवधी लोक देतील हे दिल्लीला माहीत आहे. बीजिंगलाही तिकडच्यांचं माहीत असेल, तिथल्या फळ्यावर कुणी दुसरी बाई दुसरी रेघ न बघता काढतच असणार.

आणि गवताचं पातं? उगवतं की. चुशूलकडचे, देमचोककडचे चांगपा मेंढपाळ त्या गवतावरच जगतात. पश्मिना शाल म्हणून आपण जी मिरवतो ती त्यांच्या शेळ्यांची लोकर. हिवाळ्यात बर्फ कमी असलेली कुरणं खालच्या अंगाला, नेमकी वादाच्या पट्ट्यात. २०२० नंतर दोन्ही सैन्यं मागे सरली तेव्हा मध्ये मोकळे पट्टे ठेवले गेले, त्यात कुणी जायचं नाही, आणि त्यातली काही कुरणं याच लोकांची होती. २०२४ च्या जानेवारीत चुशूल भागातल्या मेंढपाळांना चिनी जवान हुसकू पाहतायत आणि ते जागचे हलत नाहीत, हातात काही नसताना हुज्जत घालतायत, असा व्हिडिओ आला होता. मी तो चार वेळा पाहिला. रेझांग लाला १९६२ च्या १८ नोव्हेंबरला मेजर शैतानसिंग आणि त्यांच्या कंपनीचे शंभरावर जवान शेवटपर्यंत लढून पडले, ते बर्फात कसे गोठून राहिलेत हे महिन्यांनंतर पहिल्यांदा पाहिलं तेही एका मेंढपाळानेच. मेजरसाहेबांचा देह जिथे मिळाला तिथलं जुनं स्मारक आता मोकळ्या पट्ट्यात आलं म्हणून काढावं लागलं, असं तिथल्याच एका माजी लोकप्रतिनिधीने २०२३ मध्ये सांगितलं. चुशूलला मोठं स्मारक आहे, तिथे पर्यटक जातात. पण ही जागा गेली, आणि एक इंचवाल्या संदेशांत त्याबद्दल ओळही नव्हती.

मला वाटतं, आधी आपण आपल्या मुलांना खरं सांगावं. नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचाच काढावा, मी कायदा मोडा म्हणत नाही (तसा नकाशा चुकवून छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून तर इथे मी चित्र टाकलेलं नाही!). पण त्याखाली दोन ओळी सांगाव्यात की हा आपला दावा आहे, तो या या कारणांसाठी आहे, समोरच्याचा असा आहे, आणि आज कोण कुठे उभा आहे. नववीच्या मुलाला हे पेलतं. १९८७ मध्ये पेललं होतं, पेललं नाही ते मला. हे ज्याला माहीत आहे तो दोन ओढ्यांच्या अदलाबदलीला विकलं म्हणणार नाही, आणि उद्या खरोखर कुणी काही विकलं तर नेमकं तेही त्यालाच कळेल.

तो ॲटलासवाला मुलगा मला २०२२ मध्ये भेटला, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात. पुण्यात असतो, केस पांढरे झालेत. मी मुद्दाम विषय काढला, म्हटलं, तुझ्या त्या ॲटलासचं मी चुकले रे. तो गोंधळला. "कुठला ॲटलास, बाई?" त्याला काहीच आठवत नव्हतं. त्याला आठवत होता तो मी एका दमात काढलेला नकाशा. त्या रात्री त्याने आमच्या बॅचच्या ग्रुपवर तसाच एक अखंड मुकुट पाठवला, खाली लिहिलं होतं, बाईंना समर्पित.

लाडूवाल्या विद्यार्थिनीचा मुलगा यंदा सुट्टीवर आला तेव्हा आईबरोबर भेटायला आला होता. आता त्याची बदली झाली आहे. मी विचारलं, तिकडे कसं होतं? सीमेबद्दल तो काही बोलला नाही, मीही खोदून विचारलं नाही. थंडीबद्दल बोलला. म्हणाला, लाडू इतके गोठायचे की रायफलच्या दस्त्याने फोडावे लागत. मग म्हणाला, त्यांच्या ठाण्याखालून एक म्हातारा शेळ्या घेऊन जायचा, तो यांना चहा द्यायचा, मिठाचा. दोन हिवाळे जायचा. तिसऱ्या हिवाळ्यात दिसला नाही.